नावाखालचा आकडा: प्रतिसादसंख्या सगळ्यांना दिसावी का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑनलाइन चर्चासमूहांचं संचालन मी बरीच वर्षं करते आहे. सदस्याच्या नावाखाली त्याची प्रतिसादसंख्या दाखवावी की नाही, हे विचारणारे निरोप सतत येत असतात. काही नव्या संचालकांचे, काही दुखावलेल्या सदस्यांचे. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

१. प्रतिसादसंख्या म्हणजे नेमकं काय? त्यात काय काय धरतात?

सदस्याने आजवर काढलेले धागे, म्हणजे सुरू केलेल्या चर्चा, आणि दिलेले प्रतिसाद यांची ही निव्वळ बेरीज. काही ठिकाणी धागे आणि प्रतिसाद वेगवेगळे दाखवतात. खासगी निरोप सहसा धरत नाहीत. "धन्यवाद" एवढंच लिहिलं तरी आकडा एकने वाढतो, आणि दोन संध्याकाळी घालवून, आकृत्या काढून एखादी गोष्ट टप्प्याटप्प्याने समजावली तरी एकनेच वाढतो. पुढच्या बहुतेक प्रश्नांचं मूळ या एका गोष्टीत आहे.

२. ही पद्धत आली कुठून?

चर्चासमूह चालवायच्या तयार सॉफ्टवेअरमधून. पीएचपीबीबी २००० साली आलं, त्याच सुमारास व्हीबुलेटिनही. दोन्हींत प्रत्येक प्रतिसादाशेजारी सदस्याचं नाव, चित्र, सामील झाल्याची तारीख आणि प्रतिसादसंख्या अशी पट्टी आयतीच येत असे. व्हीबुलेटिनमध्ये तर ३० प्रतिसादांना 'मेंबर' आणि १०० ना 'सीनियर मेंबर' अशा पदव्याही मुळातच बसवलेल्या होत्या. बहुतेक संचालकांनी विचार करून हा आकडा लावलेला नव्हता. तो होता, म्हणून राहिला.

३. तुमचं स्वतःचं मत काय? आढेवेढे न घेता सांगा.

प्रत्येक प्रतिसादाशेजारी आकडा दाखवू नये. तो ज्याचा त्याला दिसावा आणि संचालकांना दिसावा, बाकी कुणाला दिसायची गरज नाही. मोजण्याला माझा विरोध नाही, मोजलेलं सगळ्यांपुढे कपाळावर लावण्याला आहे. आकडा सांगतो "किती लिहिलं", आणि वाचणारा त्यातून समजतो "किती कळतं". ही गल्लत वाचणाऱ्याच्या नकळत होते, म्हणून ती समजावून सांगून जात नाही. सुरुवातीची कित्येक वर्षं मी उलट मताची होते. मत बदलायला एक शिवणयंत्र कारण झालं, ते पुढच्या उत्तरात.

४. पण जास्त लिहिणारा माणूस जास्त जाणकार असतोच ना?

पुष्कळदा असतो. पण आकड्यावरून ते कळत नाही.

आमच्याकडे एका बाईंनी विचारलं होतं, की नवी सुई बसवल्यापासून शिवणयंत्र टाके सोडतंय. नावावर साडेसहा हजार प्रतिसाद असलेल्या एका सदस्याने लगेच सांगितलं: सुई पुन्हा बदला, तेल घाला, धाग्याचा ताण सैल करा. त्यांनी तिन्ही केलं, टाके सुटतच राहिले. मध्येच चार प्रतिसादवाल्या एका आयडीने, म्हणजे सदस्यखात्याने, एवढंच विचारलं होतं, "तुमच्या यंत्रात सुईत धागा समोरून ओवता की बाजूने?" त्याला कुणी उत्तर दिलं नाही. नऊ दिवसांनी बाईंनी ती सगळी चर्चा पहिल्यापासून वाचली, तेव्हा तो प्रश्न त्यांना दिसला. यंत्र जुनं होतं, बाजूने ओवायचं. सुई बसवताना त्यांनी तिची सपाट बाजू सवयीने मागे केली होती. खरं तर सुईची लांब खाच धागा जिकडून शिरतो तिकडे हवी आणि सपाट बाजू तिच्या विरुद्ध. तसं नसेल तर सुईपाशी होणारा धाग्याचा फास खालच्या शटलच्या (खालचा धागा वाहणाऱ्या भागाच्या) टोकाला सापडत नाही आणि टाका सुटतो. त्यांनी सुई फिरवली आणि टाके बसायला लागले.

तो चार प्रतिसादवाला माणूस नंतर कधी आला नाही. मी स्वतः तो प्रश्न पहिल्याच दिवशी वाचला होता, शेजारचा ४ पाहिला होता आणि पुढे गेले होते. ते मला आजही लागतं.

याहून मोठ्या प्रमाणावर हेच दाखवणारं एक उदाहरण आहे. विकिपीडियावर निम्म्याहून अधिक संपादनं मोजक्या शेकडो लोकांचीच असतात, असं तिचे सहसंस्थापक जिमी वेल्स सांगत. २००६ मध्ये अमेरिकी प्रोग्रामर आरन स्वार्ट्झ यांनी संपादनांची संख्या बाजूला ठेवली आणि लेखात शेवटी टिकून राहिलेली अक्षरं कुणाची, ते तपासलं. त्यांनी पाहिलेल्या लेखांत चित्र उलटं निघालं. मजकुराचा मोठा भाग क्वचित येणाऱ्या लोकांनी लिहिलेला होता. हजारो संपादनंवाले प्रामुख्याने तो नीटनेटका करत होते, दुवे जोडत होते, मांडणी एकसारखी करत होते. दोन्ही कामं हवीतच. पण संपादनसंख्येत पहिलं काम जवळजवळ दिसतच नव्हतं.

५. आकडा दिसला की लोकांना लिहायचा हुरूप येतो. तो का घालवायचा?

हुरूप येतो, हे खरं आहे. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावर ठरावीक काम केलं की नावापुढे बिल्ला मिळतो. या बिल्ल्यांचा २०१३ मध्ये अभ्यास झाला. बिल्ला मिळायची वेळ जवळ येत गेली तशी लोकांची त्या कामातली धडपड वाढत गेली, आणि बिल्ला हाती पडल्यावर ती ओसरली. म्हणजे हुरूप बिल्ल्याचा होता, आणि बिल्ल्यापुरताच होता.

मला जास्त काळजी वाटते ती दुसऱ्या गोष्टीची. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतल्या, मुळातच चित्रं काढायची आवड असलेल्या मुलांवर एक प्रयोग केला. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर बक्षीस मिळेल. काहींना चित्र काढून झाल्यावर अचानक बक्षीस दिलं. काहींना काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी रंगीत पेनं मोकळी ठेवून पाहिलं, तर बक्षिसाच्या बोलीवर चित्रं काढलेली मुलं, काहीच न मिळालेल्या मुलांच्या साधारण निम्माच वेळ चित्रांत रमली. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र शाबूत होती.

यावरून मी एक सवय लावून घेतली. कुणी मन लावून लिहिलं की त्याला खासगीत दोन ओळी लिहून पाठवते, नेमकं काय आवडलं ते सांगून. वेळ जातो, पण माणूस पुन्हा लिहितो.

६. काही जण निव्वळ आकडा वाढवायला लिहितात. असे प्रतिसाद कसे ओळखायचे?

एकेक प्रतिसाद पाहून ओळखता येत नाही, ओळखायला जाऊही नये. "+१", "सहमत", "मम" (माझंही तेच), "वाचते आहे, पुलेशु" (पुढील लेखनास शुभेच्छा) हे सगळं प्रामाणिकपणेही लिहिलं जातं. खूण दिसते ती ओळीने पाहिल्यावर. एकाच आयडीचे दहा मिनिटांत बारा धाग्यांवर बारा प्रतिसाद, आणि त्यांतला कुठलाही प्रतिसाद उचलून दुसऱ्या धाग्यावर ठेवला तरी चालेल असा. वर्षानुवर्षं झोपलेले धागे "छान माहिती" म्हणून वर काढणं ही दुसरी खूण. तिसरी, एक उत्तर पाच तुकड्यांत पाठवणं. हजाराच्या उंबरठ्यावर, ९९० च्या पुढे गेलेल्या सदस्याच्या बाबतीत या तिन्ही एकदम दिसू लागतात.

यात त्या माणसाला वाईट ठरवायचं काही कारण नाही. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलननीतीबद्दल जे निरीक्षण मांडलं, तेच इथे घडतं. मोजमापाचंच उद्दिष्ट झालं की ते मोजमाप म्हणून निकामी होतं. हॅक्टोबरफेस्ट या मुक्त सॉफ्टवेअरच्या उपक्रमात २०२० साली ऑक्टोबर महिन्यात चार सुधारणा पाठवल्या की टीशर्ट मिळणार होता. हजारो प्रकल्पांवर सुधारणांच्या नावाखाली माहितीपत्रकात एखादा निरर्थक शब्द घालणाऱ्या विनंत्या येऊन पडल्या, आणि स्वतःच्या वेळात फुकट काम करणारे लोक त्या निस्तरत बसले. शेवटी त्याच महिन्यात नियम बदलून, जे प्रकल्प स्वतः होकार देतील तिथलंच काम धरायचं ठरलं. पाठवणाऱ्यांना कुणी खोडी काढायला सांगितलं नव्हतं. त्यांना फक्त 'चार' हा आकडा सांगितला होता.

७. आकडा काढला तर लोक लिहायचे थांबतील का?

काही जण कमी लिहितील, आणि त्याची तयारी ठेवावी. प्रोग्रामर आपलं काम जिथे ठेवतात त्या गिटहब या संकेतस्थळाने मे २०१६ मध्ये सदस्यांच्या पानावरून सलग किती दिवस काम केलं तो आकडा काढून टाकला. नंतरच्या अभ्यासात दिसलं की लांबलचक सलग मालिका त्यानंतर झपाट्याने कमी झाल्या, सुट्टीच्या दिवशीचं कामही घटलं. आता हे नुकसान मानायचं का? साखळी तुटू नये म्हणून सुट्टीच्या रात्री काहीतरी किरकोळ पाठवणारा माणूस त्या रात्री झोपला, तर मला त्यात वाईट काही दिसत नाही.

माझ्याकडचा अनुभव सांगायचा तर आकडा काढल्यावर पहिले काही आठवडे आभाराचे आणि अनुमोदनाचे एकशब्दी प्रतिसाद घटले. प्रश्न विचारणारे तेवढेच राहिले, आणि उत्तरं देणारेही.

८. आकडा नसेल तर नवा माणूस भरवशाचा आहे की नाही, हे कसं कळणार? आमच्याकडे वस्तूंची खरेदी-विक्रीही होते.

ही शंका अगदी रास्त आहे. आकड्याच्या बाजूने असलेल्या मुद्द्यांत मला हाच सगळ्यांत वजनदार वाटतो. पैशाचा व्यवहार असेल तिथे समोरचा माणूस कालच आलाय की जुना आहे, हे कळायलाच हवं.

पण त्यासाठी सामील झाल्याची तारीख जास्त उपयोगी आहे. आकडा एका रात्रीत वाढवता येतो, तारीख मागे नेता येत नाही. तारीखही पुरेशी नाही, कारण जुनी खाती विकली जातात आणि चोरलीही जातात. दोन वर्षं गप्प असलेली आयडी अचानक महागडी वस्तू स्वस्तात विकायला आली, तर तिचे आठशे जुने प्रतिसाद पाहून निर्धास्त होणारा माणूस हमखास फसतो. म्हणून व्यवहाराच्या विभागात पूर्ण झालेले व्यवहार आणि त्यांवरचे अभिप्राय वेगळे दाखवावेत.

उपद्रव रोखायला आकडा पडद्यामागे खुशाल वापरावा. इंग्रजी विकिपीडियावर काही लेखांना हात लावण्यासाठी खातं ४ दिवस जुनं आणि नावावर १० संपादनं असावी लागतात, वादग्रस्त विषयांतल्या काही लेखांसाठी ३० दिवस आणि ५००. तिथे आकडा कुलपाचं काम करतो. डुआयडी, म्हणजे एकाच माणसाची दुसऱ्या नावाची खाती, शोधतानाही संचालकांना तो लागतोच.

९. वादात कुणी "मी इथे आठ हजार प्रतिसाद लिहिलेत, तुम्ही कालचे" असं म्हटलं तर?

तो प्रतिसाद मी उडवत नाही. त्याखाली फक्त एक ओळ लिहिते: "मुद्द्याबद्दल लिहा, दोघांनीही." नंतर त्या जुन्या सदस्याला खासगीत निरोप पाठवते, कारण असं बोलणारा माणूस बहुतेकदा दुखावलेला असतो. त्याने खरोखर वर्षं दिलेली असतात आणि कुणी त्याची दखल घेतलेली नसते. तो आकडा पुढे करतो, कारण दाखवण्यासारखं आपण त्याच्या हाती तेवढंच दिलेलं असतं.

१०. मग संख्येऐवजी मिळालेल्या मतांवरून गुण दिले तर? म्हणजे दर्जा मोजला जाईल.

संख्येपेक्षा बरं, पण दर्जा मोजला जातोच असं नाही. स्टॅक ओव्हरफ्लोवर उत्तराला एक पसंतीचं मत मिळालं की १० गुण, उत्तर स्वीकारलं गेलं की १५, आणि मतांतून दिवसाला जास्तीत जास्त २००. तरीही सोप्या, सगळ्यांना पडणाऱ्या प्रश्नांच्या उत्तरांवर मतांचा पाऊस पडतो, आणि एखाद्या दुर्मीळ अडचणीवर तीन दिवस डोकं खपवून दिलेलं उत्तर दोन मतांवर राहतं, कारण ते समजणारेच दोघे असतात. आमच्या शिवणयंत्राच्या प्रश्नाला एकही मत मिळालं नसतं.

आकडा टाळण्याचा एक जुना उपाय मला आवडतो. स्लॅशडॉट या तंत्रज्ञानविषयक चर्चेच्या संकेतस्थळाने सदस्यांच्या 'कर्मा'चा, म्हणजे तिथल्या गुणांचा, आकडा दाखवणं बंद केलं आणि त्या जागी 'उत्तम', 'चांगला', 'वाईट' असे शब्द आणले. ४९ चे ५० करायची ओढ शब्दाला लागत नाही.

११. आम्ही फक्त वाचतो. शून्य बघून लाज वाटते.

वाटू देऊ नका. संकेतस्थळांच्या वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नीलसन यांनी २००६ मध्ये ऑनलाइन समूहांसाठी एक ढोबळ प्रमाण मांडलं होतं: शंभरांतले नव्वद फक्त वाचतात, नऊ अधूनमधून लिहितात आणि बहुतांश लेखन एकट्याचं असतं. प्रमाण जागेगणिक बदलतं, पण वाचनमात्र लोकांचीच बहुसंख्या असते यात शंका नाही. लिहिणारा त्यांच्यासाठीच लिहितो.

वाचनही मोजता येतं. डिस्कोर्स या चर्चासमूहांच्या सॉफ्टवेअरमध्ये नव्या सदस्याला पुढची पायरी मिळते ती मूळ मांडणीनुसार पाच विषय उघडून, तीस प्रतिसाद वाचून आणि दहा मिनिटं थांबून. लिहायची अट त्या पायरीला नाही. आधी वाच, मग बोल, ही रीत मला पटते.

१२. गप्पांच्या विभागातले प्रतिसाद मोजायचे नाहीत, असं करता येतं का?

बऱ्याच सॉफ्टवेअरांत विभागवार ही सोय असते. आकडा ठेवणारच असाल तर भेंड्या, वाढदिवस, गप्पा हे विभाग त्यातून वगळाच.

१३. प्रतिसाद उडवला तर आकडा कमी व्हावा का?

उपद्रवी प्रतिसाद असेल तर हो. पण संचालकांनी आवराआवर करताना अख्खा धागा काढला आणि त्यात भल्या माणसांचे चाळीस प्रतिसाद गेले, तर त्यांचा आकडा घटू नये. तो घटला की मला रागावलेले निरोप येतात, आणि सगळे म्हणतात की प्रश्न आकड्याचा नाहीच. मला त्यांचा राग कळतो. आपण लिहिलेलं न सांगता पुसलं गेल्याची ती खूण असते. म्हणून काढण्याआधी कळवा, आणि मजकूर परत हवा असेल तर द्या.

१४. आजारपण, व्यसनमुक्ती, शोक यांसाठीच्या समूहांत काय करावं?

तिथे आकडा अजिबात नको. याबद्दल मी दुसरं काही ऐकूनही घेत नाही.

अशा ठिकाणी मोठा आकडा म्हणजे दुखणं किती लांबलं याची जाहीर नोंद. एका सदस्येने मला लिहिलं होतं, "माझ्या नावाखाली ३१०० दिसतात. नवीन आलेली मुलगी ते बघते आणि विचारते, म्हणजे हे इतकी वर्षं चालतं?" त्या मुलीला धीर द्यायला त्या आल्या होत्या, आणि त्यांच्या एका शब्दाच्याही आधी आकडा बोलून गेला होता. लहान आकड्यानेही त्रास होतोच. पहिल्यांदा मन मोकळं करणाऱ्याच्या नावाखाली "१" दिसतो आणि सगळ्यांना कळतं की हा आजच आलाय. खोटी औषधं विकणारे नेमके त्यालाच गाठतात.

व्यसनमुक्तीत दिवस मोजण्याचं मोल वेगळं आहे. तो आकडा त्या माणसाचा स्वतःचा असतो, त्याला वाटलं तर तो सांगेल. त्याची बेरीज यंत्राने करून नावाखाली लावू नये.

१५. ज्याला हवा त्याने दाखवावा, नको त्याने लपवावा, असं केलं तर?

मधला मार्ग म्हणून चांगला आहे, आणि इतरांनीही तो धरला आहे. इन्स्टाग्रामने २०१९ मध्ये काही देशांत पसंतीचे आकडे लपवून पाहिले आणि २०२१ मध्ये निवड ज्याच्या त्याच्यावर सोपवली. विकिपीडियावर सर्वाधिक संपादनं करणाऱ्यांची यादी असते, पण ज्यांना नको ते आपलं नाव त्यातून काढून घेऊ शकतात. जागा राहते, नाव जातं.

अडचण एवढीच, की बहुतेकांनी दाखवला तर लपवणाऱ्यावर संशय घेतला जातो. म्हणून निवड द्यायची असेल तर आकडा मुळात लपलेला असावा, आणि दाखवायचं पाऊल सदस्याने मुद्दाम उचलावं.

१६. माझे दहा हजार व्हायला ६२ उरले होते आणि आमच्या संचालकांनी आकडाच काढला. हा अन्याय नाही का?

हा निरोप दरवेळी वेगळ्या आकड्याने येतो, आणि मी तो कधीच हसण्यावारी नेत नाही. तुम्ही न विचारता दिलेली वर्षं त्या आकड्यात होती. न सांगता तो काढला असेल तर संचालकांचं चुकलंच. निदान महिनाभर आधी जाहीर करायला हवं होतं, कारण सांगायला हवं होतं, आणि तुमचा आकडा तुमच्या माहितीपानावर तुम्हाला दिसत राहील अशी सोय ठेवायला हवी होती. ती नसेल तर मागून घ्या, मोजणी आत चालूच असते.

आणखी एक मागा. तुमच्या ९९३८ प्रतिसादांतले जे तुम्हाला स्वतःला मोलाचे वाटतात, असे पाच-सात निवडून माहितीपानावर वर लावू द्या, म्हणावं. आमच्या एका जुन्या सदस्याने अशी निवड करायला घेतली तेव्हा त्यांना तीन आठवडे लागले. निवडलेल्यांत एक प्रतिसाद चार ओळींचा होता, अकरा वर्षांपूर्वीचा. त्याखाली कुणीतरी नुकतंच लिहिलं होतं: "आज हे वाचून केलं, जमलं."